जोडाखालचा फुटवा

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसलो तर — नेमकं कुठून सुरू करू?

आडूपासूनच करतो. आडू म्हणजे पीच, थंड मुलखातलं फळ. माझा मोठा भाऊ फौजेतून निवृत्त होऊन आमच्या गावी, दरेकसाला आला, तेव्हा पहाडातून त्याचं एक कलम घेऊन आला. कमी थंडीतही फळणारी जात, पिवळ्या गराची, गोड. घरामागच्या बरड जमिनीत त्याने ते लावलं. फळ चांगलं आलं तर अख्ख्या बरडावर आडूच लावायचे, असं त्याने ठरवलं होतं. तोवर दोन वर्षं नागपूरला चौकीदारी. जाताना मला कलमाचा जोड, म्हणजे जंगली खुंटावर गोड फांदी बांधलेली जागा, दाखवून म्हणाला, "याच्या खालून काही फुटलं का तोडून टाकजो. तो जंगली राह्यते."

हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

पावसाळ्यात जोडाखालून फुटवे आले, चांगले तरतरीत. आम्ही धानवाले, बुडातून फुटवे आले की आम्हाला बरंच वाटतं. म्हणून माझा हात गेला नाही का? की नुसता कंटाळा? की गावात जो तो दादाच्या झाडाचं कौतुक करायचा, ते मला खुपत होतं? खरंच सांगतो, मला अजून कळत नाही. फुटव्यांनी सगळा जोर ओढला आणि हिवाळ्यापर्यंत वरचं कलम वाळलं. मग मी — हे मात्र पक्कं आठवतं — वाळलेला भाग विळ्याने छाटला आणि जोडावर मातीची भर घातली, बांधाला घालतो तशी.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्या फुटव्यांनाच फळं आली. बोराएवढी, केसाळ, कडवट. दादाने एक चावलं, बराच वेळ तोंडात धरलं. "आपली हवाच याले मानवत नाही. मीच येडा होतो," म्हणाला. बरडाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. दोन वर्षांची चौकीदारी अजून चालूच आहे.

तेव्हाच बोलता आलं असतं ना? बोलायचंही कशाला — माती बाजूला सारली असती तरी त्याला सगळं दिसलं असतं.

परवा तो सुट्टीवर आला होता. शेजारचा एक जण आडूची कलमं आणायला निघाला होता, दादा त्याला समजावत होता, नको आणू म्हणून. मध्येच त्याने मला हाक मारली.

"सांग ना गा याले. तू तं इथंच होतास."

मी म्हणालो, हो, आपल्याकडे नाही होत.

मग ते दोघं चहाला गेले. बुंध्याजवळची माती पावसाने जरा खचली होती. मी ती पायाने ओढून सारखी केली.