रोझलिनची शंभर पावलं

वसईतल्या उमेळ्याच्या आग्नेलने विमान बांधायला घेतलं तेव्हा लोक म्हणाले, बायकोपासून लांबच जायचं तर माणिकपूरपर्यंत रिक्षा मिळते की.

आग्नेल मूळचा पाचूबंदरचा कोळी. जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. लग्नानंतर रोझलिनच्या माहेरच्या केळीच्या वाडीत राहायला आला. घरजावई म्हटलेलं त्याला आवडत नाही. आपण नुसतं मनात ठेवायचं.

सात वर्षांत रोझलिनच्या शेडमध्ये एका माणसापुरतं विमान उभं राहिलं. उडायची परवानगी पुढची गोष्ट, आधी ते जमिनीवर सरळ चालायला हवं. नाक वर, शेपूट खाली, शेपटीला बशीएवढं चाक. पायाखालचं पेडल दाबलं की ते चाक वळायचं. पण पेडलची ओढ चाकाला पोचवायची कशाने?

भाचा लेस्ली विमानांच्या देखभालीतला. तो म्हणाला, "मामा, दोन्ही बाजूंना स्प्रिंग लाव. चाकाला जरा मोकळीक हवी."

"सुकान ढिलं ठेवनारा कोली बगितलास कदी?" आग्नेल म्हणाला आणि त्याने लोखंडी दांडी बसवली. केसभर हलायची नाही.

इकडे रोझलिनला सुकेळी करायला, म्हणजे केळी वाळवायला, शेड हवी होती. तिने अट घातली, "पावसाआधी शंभर पावलं सरळ चालव. नाही जमलं तर भंगारवाला बोलावते."

मे महिन्यातल्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून, सगळे मिठागराजवळच्या माळावर. रोझलिनने शंभर पावलं मोजून चुन्याची रेघ मारली. विमान निघालं. तिसाव्या पावलाला चाक ढेकळावर चढलं, धक्का थेट आग्नेलच्या पायात. त्याने डावं दाबलं, शेपटी भस्सकन फिरली. उजवं दाबलं, आणखी फिरली. गिरकी घेऊन विमान मागून चालत आलेल्या रोझलिनसमोर उभं.

"मला न्यायला परत आलास?" ती म्हणाली.

चार दिवस आग्नेल शेडकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी चहा पिताना म्हणाला, "पान्यात पानीच ढील देतं. जमीन देत नाय."

"मग तू दे. लग्न झाल्यापासून मी तेच सांगते," रोझलिन म्हणाली. पण स्प्रिंग बसवताना पाना तिनेच धरला होता, हे शेजारणीने पाहिलंय.

पुढच्या रविवारी रोझलिनने पुन्हा पावलं मोजली, नवी रेघ मारली. विमान बदकासारखं डुलत गेलं, पण सरळ. रेघेवर थांबलं. तेवढ्यात लेस्लीला दिसलं, गेल्या रविवारची पुसट रेघ अजून पंधरा पावलं पुढे होती. त्याने मामीकडे पाहिलं.

"बघतोस काय? गुडघे दुखतात माझे. पावलं आखूड पडली."

आग्नेललाही ती रेघ दिसली होती. इंजिन चालूच होतं. विमान तसंच पुढे काढलं आणि जुन्या रेघेवर नेऊन थांबवलं. मग टोपी काढून खाली उतरला.

शेडमध्ये विमानच राहिलं, म्हणून सुकेळी यंदा शेजारी आमच्या गच्चीवर वाळणार आहेत. मुंग्या आमच्या, विमान त्यांचं.