माझ्या नावावरचे सात गोल

माझ्या नावावर सात गोल आहेत. कारखान्याच्या नोटीस बोर्डावर तसा कागद लागला होता, आणि घरात टीव्हीशेजारी त्याची ढालही ठेवलेली आहे. त्यातला एकही गोल मी मारलेला नाही. ते मारले जात होते तेव्हा मी लाइनीच्या बाहेर टोपी डोळ्यांवर ओढून उभा होतो. हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवरच फिरतं.

आनंदनगर एमआयडीसीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं टर्नर आहे. परमनंट. आमच्याकडे माणसाचं नाव विचारायच्या आधी हे विचारतात. दरवर्षी थंडीत आसपासच्या कारखान्यांची फुटबॉल स्पर्धा भरते आणि दरवर्षी आमचं हसं होतं. बॅक बरे, गोली चांगला, पण पुढे खेळणारे असे की गोलपोस्ट दिसला की घाबरून बॉल मागे द्यायचे. एका वर्षी आमचा एकच गोल झाला, तोही समोरच्या बॅकने चुकून स्वतःच्याच जाळ्यात घातलेला. तरी आम्ही नाचलो होतो.

मी पूर्वी हाफला खेळायचो. मग उजवा गुडघा गेला. यादीत नाव मात्र तसंच राहिलं, कारण नवी यादी जुन्याच कागदावरून उतरवली जायची.

खेळायचं बंद झालं तेव्हा मी कॅन्टीनमधल्या तज्ज्ञांत सामील झालो. तिसऱ्या टेबलावर आमची बैठक असे. स्टोअरकीपर हा तिचा म्होरक्या. जवळच्या कॅम्प चार वस्तीतला माणूस, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि आवाज असा की कॅन्टीनवाल्याला ऑर्डर ऐकू येत नसे. तो खिशातून मूठभर नट काढायचा आणि टेबलावर टीम मांडायचा. मोठे नट बॅक, मधले हाफ, बारीक नट फॉरवर्ड. दुसऱ्या होत्या क्वालिटीतल्या ताई. मायक्रोमीटरवर केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवणारी बाई. त्या कमी बोलायच्या आणि जेवता जेवता एखादा नट हळूच सरकवून ठेवायच्या. स्टोअरकीपर चिडायचा, पण नट परत सरकवायची त्याची हिंमत नव्हती.

ते सात गोल खरे मारणाऱ्याला पहिल्यांदा पाहिलं ते ताईंनीच. जेवणाच्या सुट्टीत लोडिंगच्या मोकळ्या जागेत कंत्राटी पोरं मशीन पुसायच्या कॉटन वेस्टचा गोळा करून, त्याला टेप गुंडाळून खेळायची. ताई मला म्हणाल्या, "भाऊ, तो निळ्या शर्टातला बघा. बॉल त्याच्याकडे असेल तेव्हा नाही, नसेल तेव्हा बघा." मी बघितलं. बाकीचे सगळे गोळ्यामागे धावत होते. हा मात्र रिकाम्या जागेत जाऊन थांबत होता, आणि जरा वेळाने गोळा त्याच्याकडेच येत होता.

बदलापूरच्या पुढे त्याचं गाव. भातकापणी झाली की खाचरात खेळून शिकलेला. कापलेल्या खाचरात खुंट असतात, बॉल सरळ जात नाही, म्हणून तो बॉल जवळ ठेवायचाच नाही. आला की एका स्पर्शात सोडून द्यायचा. वय अठ्ठावीस, बायको, शाळेत जाणारी मुलगी. पाच वर्षं आमच्याच कारखान्यात माल चढवत होता, पण दर सात महिन्यांनी ठेकेदार त्याला ब्रेक द्यायचा. ब्रेक म्हणजे गेटपास काढून घ्यायचा, महिनाभर घरी बसवायचं आणि नवीन माणूस म्हणून परत घ्यायचं. म्हणजे माणूस कधी जुना होतच नाही आणि परमनंट मागतच नाही.

स्पर्धेत फक्त परमनंट माणसाला खेळता येई, कार्ड दाखवून. इथे माझं डोकं चाललं. माझ्या कार्डावरचा फोटो नोकरीला लागलो तेव्हाचा. बारीक, मिशीवाला, गाल बसलेला. माझ्यापेक्षा तो फोटो त्याच्यासारखाच जास्त दिसत होता. मी कार्ड टेबलावर टाकलं आणि स्टोअरकीपरने माझ्या पाठीवर थाप मारली. "पार्टनर, दिमाग है तेरा!" मला फार बरं वाटलं. मूर्खाला बरं वाटायला वेळ लागत नाही.

त्या कंत्राटी पोराला सांगितलं तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला.

"मी खेलतो दादा. पन गोल झाला तं कोनाचा?"

"कंपनीचा," मी म्हणालो. तेव्हा हे उत्तर मला फार मोठेपणाचं वाटलं होतं.

पहिल्याच सामन्यात आम्ही तीन गोल केले. त्यातले दोन त्याचे. लाउडस्पीकरवर माझं नाव घुमलं आणि मी टोपी आणखी खाली ओढली. दुसऱ्या सामन्यात त्याचे आणखी दोन. कॅन्टीनमध्ये आता शेजारच्या टेबलांवरचे लोकही ताट घेऊन उभे राहायला लागले. एक फॉरवर्ड की दोन, डावीकडे कोण, हाफ पुढे चढवायचा की नाही, यावर हमरीतुमरी व्हायची. दोन आठवड्यांपूर्वी यांना आपल्या टीमचे अकरा जण ओळखू आले नसते. स्टोअरकीपर म्हणायचा, "दोन फॉरवर्ड लाव, बिनधास्त! अभी अपना अटॅक खुल गया है." ताई म्हणायच्या, "अटॅक खुलला नाही. एक माणूस बरोबर जागी उभा राहतोय. त्याच्या शेजारी दुसरा उभा केलात तर त्याची जागा जाईल." त्या दुसरा बारीक नट उचलून खिशात टाकायच्या. सामन्याला एकच फॉरवर्ड खेळायचा आणि आम्ही जिंकायचो.

दुसऱ्या सामन्यानंतर पर्सोनेलचे साहेब स्वतः कॅन्टीनमध्ये आले. सामन्याआधी कार्ड तपासताना तेच टेबलापाशी होते. त्यांनी कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला आणि काही न बोलता सही केली होती. त्या दिवशी पंचवीस माणसांसमोर ते म्हणाले, "कप आणा. त्याच्या परमनंटचं मी बघतो."

त्याने ही गोष्ट घरी सांगितली. मुलीलाही सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी घरून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणली, आणि मी ती हक्काने खाल्ली.

सेमी फायनल आम्ही दोन-एकने काढली, एक गोल त्याचा. रविवारी सामना झाला, सोमवारी त्याचा ब्रेक आला. सात महिने भरले होते. गेटवर वॉचमनने पास काढून घेतला, आणि तो डबा हातात घेऊन तिथूनच परत फिरला. पुढच्या रविवारी फायनल होती.

कॅन्टीनमध्ये आग भडकली. मला वाटलं, आता ही माणसं उठतील आणि पर्सोनेलच्या दारात जाऊन उभी राहतील. कसलं काय! स्टोअरकीपर टेबलावर मूठ आपटून ओरडत होता, "फॉरवर्डला कोण घालायचा आता? सगळी टीम डिस्टर्ब झाली ना!" कुणी म्हणालं डावा हाफ पुढे आणा, कुणी म्हणालं बचावाचा खेळ करू. एका माणसाची रोजी गेली होती आणि पन्नास माणसं अकरा नटांवरून भांडत होती. मग कुणाला तरी सुचलं, की मैदानावर गेटपास कुठे लागतो? कार्ड तर आपल्याकडेच आहे! सगळ्यांचे चेहरे उजळले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्याला फोन मी केला. दुसऱ्या कुणी केला असता तर निदान आज त्याला शिव्या देता आल्या असत्या. ताई तेवढ्या म्हणाल्या, "भाऊ, आधी साहेबांकडून लिहून घ्या." मी म्हणालो, "कप आला की लिहून घेतो, ताई." त्या ताट उचलून निघून गेल्या.

तो आला. ज्या कारखान्याने सोमवारी दारातून परत पाठवला, त्याच कारखान्याचा शर्ट घालून रविवारी खेळला, आणि दोन गोल मारले. कप आमचा झाला. मग लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं, सर्वोत्तम खेळाडू म्हणून. ढाल द्यायला दुसऱ्या कारखान्याचे मोठे पाहुणे होते, त्यांना आमची कुणाचीच ओळख नव्हती. मी जागचा हललो नाही. स्टोअरकीपरने मला मागून ढकललं. "जा ना, आता घोळ करतो का? कप काढून घेतील!" खरा गोल मारणारा माझ्या शेजारीच उभा होता, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेला. म्हणाला, "जा दादा."

मी गेलो. पँट-शर्टात, पोट घेऊन, लंगडत मंचावर चढलो आणि सात गोलांची ढाल घेतली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाज वाटली का, असं कुणी विचारलं तर वाटली. पण आधी छाती फुगली, मग लाज वाटली, आणि मला राग त्या क्रमाचा येतो.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, कप आला, आता त्याचं बघा. साहेबांनी स्पर्धेची फाइल काढली, पानं उलटली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "कुणाचं बघू? रेकॉर्डवर तर तो एकही सामना खेळलेला नाही. सगळे गोल तुमचे आहेत."

तो रेकॉर्ड मीच तयार केला होता. ज्या कार्डाने त्याला मैदानात नेलं, त्याच कार्डाने त्याला पुसून टाकलं. मी म्हणालो, "साहेब, मी लिहून देतो, गोल माझे नाहीत." ते म्हणाले, "द्या की. मग खोट्या कार्डाची चौकशी तुमच्यावर लागेल." मी लिहून दिलं नाही. माझ्या मुलीचं कॉलेज आहे, सोसायटीचं कर्ज आहे, अशी कारणं मी जिना उतरेपर्यंत जमवली. सगळी खरी होती. तरी शेवटी मी घाबरलो, हेच खरं.

महिना झाला तरी ठेकेदाराने त्याला परत बोलावलं नाही. आता तो शहाडला एका गोदामात माल चढवतो.

या थंडीत स्टोअरकीपर परत खिशातून नट काढून बसला. "पेंट शॉपला कंत्राटात एक नवीन आलाय. काय धावतो, विचारू नकोस! तुझं कार्ड लागेल, पार्टनर."

"कार्ड मिळणार नाही," मी म्हणालो.

"मग फॉरवर्डला कोण?"

"मी."

त्याला मस्करी वाटली. मी उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी गुडघ्याकडे बघून विचारलं, वेड लागलंय का. मी म्हणालो, "साहेब, मागच्या वर्षीचे सात गोल माझे आहेत. रेकॉर्ड बघा, खाली सही तुमची आहे. सर्वोत्तम खेळाडूला टीमबाहेर काढायचं असेल तर कारण लेखी द्या." त्यांनी यादी पुढे सरकवली. परत आलो तर ताईंनी कुणालाही न विचारता सगळ्यात मोठा, गंजलेला नट फॉरवर्डच्या जागी आणून ठेवला होता.

पहिल्याच सामन्यात पाच गोलांनी हरलो आणि स्पर्धेबाहेर पडलो. बॉल माझ्याकडे चार वेळा आला. दोनदा पायाखालून गेला, एकदा मी पडलो, आणि एकदा मोकळ्या गोलसमोरून तो शेजारच्या नाल्यात गेला. पहिली पंधरा मिनिटं आमचे लोक हसत होते. मग शिव्या सुरू झाल्या. आईवरून, बापावरून, पोटावरून, गुडघ्यावरून, आणि सगळ्यात मोठा आवाज स्टोअरकीपरचा. दर शिवीच्या आधी ते माझं नाव घेत होते, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

मी दम खात उभा राहिलो आणि ऐकत राहिलो. मागच्या वर्षी हेच नाव याच मैदानावर सात वेळा घुमलं होतं, आणि सातही वेळा ते दुसऱ्याचं होतं. या शिव्या तरी माझ्या होत्या.