पहिला आकडा टाकून द्यावा

माझे वडील नेकनूरच्या बाजारात हेडी होते. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून ते बैलाचा भाव ठरवायचे. भाव दोघांतच राहायचा, पण जनावराची खोड मात्र ते सौद्याआधी मोठ्यानं सांगायचे. 'डाव्या अंगाला जुंपला तर बसतो.' 'ट्रॅक्टरच्या आवाजाला बुजतो.' घेणाऱ्यासोबत चार तिऱ्हाइतांनाही ऐकू गेलं पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. खोड सांगून विकलेलं जनावर परत येत नाही. लपवून विकलेलं पुढच्या बाजाराच्या आत दारात उभं राहतं, आणि सोबत शिव्या घेऊन येतं.

मी त्या धंद्यात गेलो नाही. बारावीनंतर परळीला एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात राहिलो. वीजकेंद्राच्या राखेनं पांढरी झालेली टेबलं पुसता पुसता सोल्डरिंग शिकलो. पुढे स्वतःचं दुकान टाकलं आणि वजनकाट्यांचे इलेक्ट्रॉनिक डबे बनवू लागलो. मला कोणी हाताला धरून शिकवलं नाही. हे मी अभिमानानं सांगतो, आणि थोडं रागानंही.

या डब्यांत एक लहानसा संगणक असतो. त्याच्या तळाशी जो मूळ प्रोग्रॅम चालतो त्याला कर्नेल म्हणतात. मी वापरतो ते कर्नेल जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेलं आहे आणि त्याचा सगळा मजकूर कोणालाही वाचायला उघडा आहे. ते आपल्या यंत्रासाठी बांधून घ्यायचं तर आधी शेकडो प्रश्नांना हो किंवा नाही म्हणावं लागतं. अमुक चिपचा आधार हवा का? तमुक सोय हवी का? प्रत्येक प्रश्नाखाली दोन-चार ओळींची मदत असते, आणि बऱ्याच ठिकाणी तिचा शेवट एकच असतो : खात्री नसेल तर नाही म्हणा. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी त्या ओळी वाचायचो. हे वाक्य मात्र पहिल्याच वाचनात कळलं. बाजारात वाढलेल्या माणसाला ते कोणी शिकवावं लागत नाही.

मग मी आतला मजकूर वाचू लागलो. प्रोग्रॅमच्या ओळींमध्ये लिहिणाऱ्यांनी माणसांसाठी टिपा सोडलेल्या असतात. संगणक त्या वाचत नाही, ओलांडून पुढे जातो. त्या पुढच्या माणसासाठी असतात. 'हे यंत्र कागदावर सांगतं तसं वागत नाही.' 'इथं क्षणभर थांबलं नाही तर पुढचं सगळं बिघडतं. का, ते आम्हाला अजून कळलेलं नाही.' 'ही ओळ निरुपयोगी वाटेल. कृपा करून काढू नका.' मी वाचत गेलो आणि माझ्या डोळ्यांसमोर नेकनूरचा बाजार उभा राहिला. कुठल्या कुठल्या देशांतली ही माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली, चार लोकांत उभं राहून यंत्रांच्या खोडी सांगत होती. मला वाटलं, इथं आपलं जमेल.

माझी स्वतःची टीप एका चिपबद्दल होती. काट्यावर ठेवलेल्या ओझ्याचा आकडा करणारी ती चिप स्वस्त होती आणि सगळीकडे मिळायची. काटा बराच वेळ रिकामा राहिला की ती झोपते. उठल्यावर पहिला आकडा देते तो ताजा नसतो, झोपण्याआधीच्या शेवटच्या ओझ्याचा असतो. दुसऱ्यांदा विचारलं तर बरोबर सांगते. कंपनीच्या माहितीपत्रकात याचा उल्लेख नव्हता. मी उपाय म्हणून एक ओळ लिहिली : उठल्यावर पहिला आकडा टाकून द्यायचा. तिच्यावर टीप लिहिली, तिचा मराठीत अर्थ असा होता : 'ही चिप खोटं बोलते. बनवणाऱ्याला हे ठाऊक आहे आणि तो लबाड सांगत नाही. पहिला आकडा टाकून द्या.'

कर्नेलचा तो भाग सांभाळणारा एक परदेशी गृहस्थ होता. त्यानं ओळ लगेच मान्य केली. टिपेतलं मधलं वाक्य काढा म्हणाला. मी नाही म्हणालो. कर्नेलवाल्यांची पत्रं सगळ्यांना दिसतील अशा एका यादीवर जातात; तिथं पत्रांवर पत्रं गेली. भाव तुटेना. शेवटी तोच कंटाळला आणि टीप जशीच्या तशी आत गेली. त्या दिवशी मी दुकानात सगळ्यांना भेळ दिली. कशाची, ते कोणाला नीट कळलं नाही.

पुढे चिप बनवणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्यानं बदल पाठवला. नव्या चिपमध्ये ही खोड नाही, टिपेची भाषा अशोभनीय आहे, सबब टीप आणि ओळ दोन्ही काढाव्यात. दोन्ही काढल्या गेल्या. मला विचारलं नाही. मी जे उत्तर लिहिलं ते इथं देण्यासारखं नाही. त्यातला मुद्दा एवढाच होता की नवा बैल चांगला निघाला म्हणून जुन्या बैलाची खोड जात नाही, आणि जुन्या चिपा अजून बाजारात विकल्या जात आहेत. माझ्या पत्राला कोणाचंही उत्तर आलं नाही. मग मीही तिकडे लिहिणं बंद केलं. माझ्या डब्यांत माझी ओळ राहिली. जगाचं जगानं बघावं, असं मी ठरवलं.

आणि मग गेल्या वर्षी दसऱ्याच्या आगेमागे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

ती लिंबागणेशच्या अलीकडच्या एका गावात दिलेली. दरसाल ती आणि भाऊजी ऊसतोडीला जायचे. मुलगी आठवीत गेली तेव्हा तिनं ठरवलं की आता कोयता घ्यायचा नाही. एक गाय घेतली, पाठोपाठ दुसरी. गावच्या दूध केंद्रावर रोज पहाटे पहिली किटली तिची असायची, कारण तिथून तिला खुरपणीला जायचं असे.

"कालपासनं माझं दूध बंद केलंय," ती फोनवर म्हणाली. "चोर म्हनत्यात मला."

"कोण?"

"चेअरमन. काट्यावर येक वजन, टँकरला दुसरं. रोज फरक यिऊलाय. आन् म्हनत्यात, दोन गायींचं दूध रोज कमीजास्त कसं, फरक तुज्याच वजनात हाय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तोडीचा मुकादम दोनदा यिऊन गेला. दूध बंदच राहिलं तर पोरीला घिऊन तोडीला जावं लागतंय बघ."

मी बसनं गेलो. केंद्राचा काटा नवा होता, एका शहरातल्या कंपनीचा. बटण दाबलं की एकदाच वजन घ्यायचं आणि चिठ्ठी छापायची. वीज जाते म्हणून तो बॅटरीवर कायम चालू असे, बंद कधीच होत नसे. मागचं झाकण उघडलं आणि मला ती चिप दिसली. जुनीच. लॅपटॉप जोडून पाहिलं, तर कर्नेल मात्र नवं, माझी ओळ काढल्यानंतरचं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

घरी येऊन मी बहिणीला विचारलं, "आक्का, वजन कधी कमी यायचं, कधी जास्त?"

"कदी कमी, कदी जास्त."

"जास्त आलं त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"जास्तीचं कोन सांगत बसतं? कमी आलं तवा वरडलेच की मी. ऐकलं का कुनी?"

म्हणजे गावाच्या लेखी ती कमी आलं की ओरडणारी आणि जास्त आलं की गप्प बसणारी बाई होती. हे मी चेअरमनपुढे कसं पुसणार होतो? समजावून उपयोग नव्हता. दाखवावं लागणार होतं.

संध्याकाळचं दूध संपल्यावर मी केंद्रावर गेलो. काटा सांभाळणारा पोरगेला गडी मला पाहून हसला. "या पाव्हनं. तुमी काट्यावाले. काट्याची बाजू घ्याला आलात का बहिनीची?"

मी ओट्याखालचा एक दगड उचलला आणि काट्यावर ठेवून बटण दाबायला लावलं. दगड खाली उतरवला आणि चिठ्ठी घेऊन खिशात टाकली. "आता सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही," म्हणालो. "आणि सकाळी चेअरमनसाहेबांना बोलवा."

पहाटे किटल्या घेऊन बरीच माणसं जमली. चेअरमन मफलर गुंडाळून आले. मी पायातली एक चप्पल काढली आणि काट्यावर ठेवली. गड्यानं बटण दाबलं. चिठ्ठीवर दगडाचं वजन आलं. मी कालची चिठ्ठी शेजारी धरली. आकडा तोच.

"पाव्हन्याच्या चपलंत लई माल हाय बे!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. चेअरमन हसले नाहीत.

"परत दाबा," मी म्हणालो. आता चपलेचं वजन आलं.

"हा काटा झोपून उठला की आदल्या सांजेचा शेवटचा आकडा सांगतो," मी म्हणालो. "पहाटे पहिली किटली माझ्या बहिणीची. आता सांगा, संध्याकाळी शेवटचं दूध कोणाचं असतं?"

सगळ्यांनी चेअरमनकडे पाहिलं. शेवटचं दूध चेअरमनच्या गोठ्यातलं यायचं. त्यांचा गडी कधी भरली किटली आणायचा, कधी अर्धी.

"मंग माझंच दूध दोनदा मोजलं म्हना की," चेअरमन सावकाश म्हणाले. मग काट्याकडे बघत म्हणाले, "पर कंपनीचा काटा. नवा."

"नवाच आहे. खोड जुनी आहे."

"बरं. उद्यापासून आणा म्हनाव दूध."

इथं माझं डोकं फिरलं. "उद्या नाही. ती आज किटली घेऊन आलीय. ज्या ओट्यावर चोर म्हणालात, त्याच ओट्यावर, एवढ्या लोकांसमोर घ्या."

दूध बंद असूनही बहीण सवयीनं किटली घेऊन माझ्या मागे उभी होती. चेअरमननी तिच्याकडे पाहिलं, मग गड्याला खूण केली. गड्यानं किटली घेतली, वजन केलं, चिठ्ठी फाडून तिच्या हातात दिली. ती चिठ्ठी तिनं न वाचता कमरेला खोचली आणि खुरपणीला निघून गेली. चोर म्हणालो ते चुकलं, असं कोणी म्हणालं नाही. मी वाट पाहत थोडा वेळ तिथंच उभा राहिलो, चप्पल हातात घेऊन.

त्या दिवसापासून केंद्रावर पहाटे आधी दगड मोजतात. त्याला दगडाची बोहनी म्हणतात. पण असे काटे त्याच कंपनीनं आणखी कुठे कुठे दिले असतील, आणि तिथं पहाटे पहिली कोण येत असेल, ते मला माहीत नव्हतं. आक्काच्या गावातही गडी बदलला आणि दगड राहून गेला, तर पुन्हा तेच.

परळीला परतताना वाटेत वडिलांकडे उतरलो. त्यांना सगळं सांगितलं. माझी जुनी टीपही मराठीत करून सांगितली. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "खोड जनावराची सांगायची असती. मालकाची काहून सांगत बसलास?"

"मालक लबाड असला तर?"

"असंल. मालकाची खोड बाजार सांगतोय. तू मदी पडलास की तो तुज्याशी भांडतो, आन् जनावर तसंच इकलं जातं."

मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही. लबाड हा शब्द खरा होता. पण सौद्यात काय सोडायचं आणि काय धरायचं, ते मला त्यांनीच शिकवलं होतं. परळीला येऊन मी पुन्हा त्या यादीवर पत्र लिहिलं. दगड आणि चपलेच्या चिठ्ठ्यांचे फोटो जोडले. कोणत्या आवृत्तीची चिप, ते लिहिलं. बहिणीचा उल्लेख केला नाही. लबाड हा शब्दही नव्हता.

यावेळी उत्तर आलं. तोच अभियंता. जुन्या चिपमध्ये असं होतं, हे त्यानं मान्य केलं. ओळ परत घालू, पण टीप तो लिहील म्हणाला. मी म्हणालो, लिहा. खालच्या मदतीच्या मजकुरात एक वाक्य माझं हवं. तो म्हणाला, गरज नाही. मी म्हणालो, टीप प्रोग्रॅम लिहिणारा वाचतो, काटा बांधणारा फक्त मदत वाचतो. दोन-तीन दिवस शांतता. रुमालाखाली बोटं थांबावीत तशी. मग तो हो म्हणाला.

ओळ आत गेली. टीप आता अशी आहे : 'जुन्या आवृत्तीत जागं झाल्यावरचा पहिला आकडा शिळा असू शकतो. तो सोडून द्यावा.' कोणावर राग नाही, कोणाचा दोष नाही. मदतीच्या मजकुरात शेवटी माझं वाक्य आहे : 'जुनी चिप असेल तर पहिला आकडा टाकून द्यावा.' माझं जुनं उत्तर अजून त्या यादीत तसंच आहे, आणि माझी ओळ काढली ते चुकलं, असं त्याखाली कोणीही लिहिलेलं नाही.

काटेवाल्या कंपनीनं पुढे नवं कर्नेल घातलं. तोवर गावातून तोडीचे ट्रक निघून गेले होते. बहिणीचा पहाटे फोन आला. मागे किटल्यांचा आवाज होता.

"दगड काडू म्हनतोय गडी. काडू का?"

"काढा. आता गरज नाही."

"नगं. राहू दी," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्यात तू लिवलंस म्हनं. तुजं नाव हाय का त्यात?"

"न्हाई."

"आन् त्या चिपवाल्याचं?"

"हाय. वरच हाय."

किटलीचं झाकण वाजलं.

"बरं, ठिवते," ती म्हणाली. "माझा नंबर आला."