वाकड्याचं वैर

माझ्या मेहुण्याइतका सरळ माणूस अख्ख्या नवापूर तालुक्यात झाला नाही, आणि त्याच्याइतका त्रासही कुणी दिला नाही. जातीचा गवंडी. ओळंबा कायम खिशात. देवळात गेला की देवाआधी लोकांच्या चपला एका ओळीत लावायचा. स्वतःच्या लग्नात अंतरपाट तिरका धरला म्हणून त्यानं भटजीला मंगलाष्टकं थांबवायला लावली, मुहूर्त टळत आला, सासरा लालबुंद, आणि हा एक डोळा मिटून म्हणतोय, "जराशी डावी बाजू वर ल्या!" भर पंगतीत माझ्या मिशीची उजवी बाजू उतरलीय हेही त्यानंच सांगितलं.

खांडबाऱ्याला स्टेशन झाल्यावर नवी पेठ आखली, तेव्हा दोरीचं एक टोक ह्याच्या हातात होतं. पुढं एका रंगपंचमीला त्यानं पाहिलं, की मावळता सूर्य पेठेतल्या गल्लीच्या तोंडात बरोबर मधोमध बसलाय. झालं! वर्षभर ज्याला त्याला सांगत सुटला, "येती रंगपंचमीले या, दाखाडस." लोक आले. रंगलेली तोंडं घेऊन सगळी पेठ पश्चिमेला बघत उभी. आणि सूर्य गेला डाव्या हाताला, मारवाडी शेठजींच्या कौलांमागं. शेठजी ओट्यावरून ओरडले, "मिस्त्री, थांरो सूरज तो म्हारी छत माथे बैठग्यो!" आठवडाभर पोरंसोरंही तेच ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात ह्यानं गल्लीभर सूत ताणलं. दोन बकऱ्या नि एक फौजदार अडकून पडले. सूत सरळच निघालं, पण ह्याला पटेना. माझ्या घरी येऊन थापी टाकली. "दाजी, मन्हा हातथीन गल्ली वाकडी व्हयनी. आते मी थापी उचलाव नही." आणि खरंच उचलली नाही. घरात तीन लेकरं, चूल थंड, आणि हा भिंतीला टेकून बसलेला. मी शिव्या घातल्या, काही उपयोग नाही.

माझी बायको त्याची थोरली बहीण. भाकरी थापता थापता म्हणाली, "येडा, सूर्य काय रंगपंचमी खेळस? पंचमीनी तिथ तुन्ही शे, त्यानी नही. रोज उभा ऱ्हाय नि देख, तो सरकस का नही." तिला कुणी शिकवलं नव्हतं. धाब्याच्या छपरातल्या भोकातून जात्यावर पडणारं ऊन रोज सरकतं, एवढं तिनं पाहिलेलं.

दहा-बारा दिवस तो रोज उभा राहिला. सूर्य रोज थोडा उजवीकडं येत गेला आणि एका संध्याकाळी गल्लीत नेमका बसला. ह्यानं ओळंबा समोर धरला. दोऱ्यानं सूर्याचे दोन सारखे तुकडे केले. लोकांना बोलवायला धावला, तोवर सूर्य बुडाला. पाहिलं आम्ही तिघांनीच, तो, मी आणि माझी बायको. पण सकाळी थापी घेऊन कामावर गेला.

तेव्हापासून दर साल त्याच सुमाराला तो आम्हाला गल्लीत घेऊन जायचा. गेल्या पौषात बायको गेली. मी उंबरा ओलांडायचं सोडलं. शिमग्यानंतर हा आला, दंडाला धरून ओढतच घेऊन गेला. सूर्य उतरला तो गल्लीच्या मधोमध, केसाचाही फरक नाही. माझे डोळे अजून तेवढे शाबूत आहेत. ह्यानं ओळंबा धरला, बराच वेळ बघितलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "जरासा ऱ्हायना, दाजी. उद्या परत येवानं पडी."

जन्मात पहिल्यांदा वाकडं बोलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपलं आपण धोतर बदलून ओट्यावर त्याची वाट बघत बसलो.