ओला अंगठा

कुणी नवं अ‍ॅप दाखवायला फोन पुढे केला की हर्षला आधी स्वतःचा अंगठा पाण्याच्या ग्लासात बुडवायची. मग त्या ठिबकत्या अंगठ्याने समोरच्याच्या फोनवर असं काही दाबत सुटायची, की फोनवाल्याने तो हिसकावूनच घ्यावा. माझी तिची पहिली भेट अशीच झाली. नोकरीचा पहिला दिवस, माझा नवाकोरा फोन, त्यात मी केलेलं अ‍ॅप, आणि ही बाई त्यावर पाणी सांडतेय! "घाबरू नको गं," ती म्हणाली, "फोन मरत नाही. तुझं बटन मरतं का, ते बघतेय." मेलं.

वसई रोड स्टेशनजवळच्या आमच्या छोट्या ऑफिसात मोबाइलची अ‍ॅप्स बनायची. एकदाच लिहायचं आणि तेच अँड्रॉइडवर आणि आयफोनवरही चालवायचं, असं साधन आमच्या हाताशी होतं. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! हर्षला मात्र म्हणायची, "कोड एक झाला म्हणून सगळ्यांचे अंगठे एक होत नाहीत." एका जागी बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. तिची खुर्ची फक्त ओढणी टाकायला. काम उभ्याने, चहा उभ्याने, आणि येता-जाता कुणाच्याही खांद्यावरून डोकावून शेरा: "हे बटन आहे की मोहरीचा दाणा? आणि दोन बटनांच्या मध्ये जरा जागा सोड ना, भांडतायत ती." तिने आमचं डोकं उठवलेलं असायचं. ती रजेवर असली की ऑफिस ओकंबोकं वाटायचं, हेही खरंच.

तिच्या पायांना भिंगरी का होती, ते मला अर्नाळ्याला तिच्या घरी गेल्यावर कळलं. तिची आई, जानकीमावशी, जन्मभर डोक्यावर माशांची पाटी घेऊन विरारच्या इमारतींमधून फिरलेली. इमारती जुन्या, लिफ्ट नाही, आणि मावशींचे गुडघे पार गेलेले. "मी इथे एसीत, आणि ती तिकडे कुणाचा तरी तिसरा मजला चढत असणार," हर्षला म्हणायची. "बसवत नाही गं मला." आईची पाटी उतरवायची, एवढा एकच ध्यास होता तिचा.

त्यासाठीच तिने ते अ‍ॅप केलं. गिऱ्हाइकांनी फोनवरून मासे सांगायचे, मावशींनी घरीच ओट्यावर बसून साफ करून द्यायचे आणि शेजारच्या रिक्षावाल्याने पोहोचवायचे. हर्षलाने त्यात जीव ओतला. बटनं चांगली ऐसपैस, सगळी खाली, अंगठ्याच्या टप्प्यात; अक्षरं कमी, माशांची चित्रं मोठी. सगळ्यांत लाडकी युक्ती म्हणजे ऑर्डर पोहोचली की तिच्यावरून बोट सरकवायचं, ऑर्डर गायब! "केर झाडल्यासारखं," ती खुशीत सांगायची. ओल्या अंगठ्याच्या परीक्षेत ते पैकीच्या पैकी गुणांनी पास झालं.

सुरुवात छान झाली. मग एका रविवारी दुपारी मावशींना एका जुन्या गिऱ्हाईकबाईंचा फोन आला. "जानकी, अगं, पापलेटं कुठायत? जावई पहिल्यांदा जेवायला आला आणि मी त्याला बटाट्याची भाजी वाढली!" अ‍ॅपमध्ये ती ऑर्डर दिसतच नव्हती. आणखी काहीजणींच्याही अशाच हरवलेल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी मावशींनी पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. "मानूस दारी गेला का इसरत नाय," त्या लेकीला म्हणाल्या. "तुजा फोन इसरतो."

हर्षला सैरभैर झाली. कोड शंभरदा उलटापालटा केला, काही सापडेना. शेवटी मला घेऊन ती अर्नाळ्याला गेली. आईसमोर फोन ठेवून म्हणाली, "आई, तू रोज करायचीस तसंच कर." मावशी मासे साफ करत होत्या, तशाच उठून हात धुऊन आल्या. फोनवर पाण्याचे थेंब, दोन-चार खवले. मावशींनी तो उचलला आणि बघण्याआधी ओल्या पदराने खसाखसा पुसला. पडद्यावरच्या दोन ऑर्डरी पदराबरोबर निघून गेल्या.

"अंगठा ओला करत बसले मी!" हर्षला ओसरीभर येरझाऱ्या घालत होती. "फोन ओला झाला की माणूस तो पुसणार, एवढं नाही सुचलं!" मला हसू फुटलं होतं, पण तिचे डोळे भरलेले बघून गिळलं. फार माया आली मला तिची.

सरकवणं तिने त्याच आठवड्यात काढून टाकलं. खाली 'पोहोचली' असं मोठं बटन आलं, आणि ते दाबल्यावर 'नक्की?' असा प्रश्न. पण मावशी ढिम्म. फोन नको म्हणजे नको. मग हर्षला दर रविवारी आईची पाटी स्वतः घेऊन जिने चढू लागली. दारोदार माफी मागायची आणि त्याच दमात बाईंच्या फोनवर नवं अ‍ॅप घालून द्यायची. हळूहळू ऑर्डरी पुन्हा फोनवर येऊ लागल्या, आणि मावशींनाही तो हातात घ्यावा लागला.

आता ती बंगळुरूला असते. जायच्या आधी तिने मला जेवायला बोलावलं होतं. मावशी ओट्यावर बोंबील साफ करत होत्या, शेजारी फोन. मला बघून त्यांनी तो पदराने चांगला रगडून पुसला, उलटा-सुलटा, मुद्दाम दोनदा, आणि माझ्यापुढे धरला. सगळ्या ऑर्डरी जागच्या जागी होत्या.

पाटी अंगणात पालथी पडली होती. हर्षला आली आणि सरळ तिच्यावरच बसली. पाय हलत नव्हता, हात हलत नव्हता.

"ऊठ गो," मावशी ओरडल्या, "पाटी मोडंल ती!"

"मोडू दे," हर्षला म्हणाली, आणि बसूनच राहिली.