इनासदादाचा कठडा

इनासदादा कुठलीही वस्तू आधी डोळे मिटून हाताळायचा, मग पाहायचा. ठाण्याच्या बाजारात पापलेटावरूनही असाच हात फिरवायचा. कोळीण खेकसायची, "म्हावरं घेतंस का आशीर्वाद देतंस?" असा माझा थोरला भाऊ.

चर्चमधल्या वेदीचं कोरीवकाम आमच्या बाबांचं. दादाच्या हातातही तीच कला होती. पण रेल्वे आल्यावर निघालेल्या ओतकारखान्यात तो गेला आणि लाकडी नमुने घडवू लागला. नमुना वाळूत दाबायचा, पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं, हवे तितके नग काढायचे. बाबा म्हणत, "एक काम एकदाच करायचं. दुसऱ्यांदा केलंस का तो धंदा." दादा हसे. "चांगलं काम देवाच्याच घरी कशाला? दवाखान्यात पन जाऊ दे ना."

चर्चमध्ये गायकांच्या माळ्यावर जाणारा जिना होता. त्याचा द्राक्षवेलींचा कठडा बाबांनीच कोरलेला. त्याला वाळवी लागली, तेव्हा पाद्रींनी लोखंडी कठडा दादाला सांगितला. सगळ्यांना वाटलं, तो बाबांचीच वेल लोखंडात उतरवील. त्याने केले सरळ गज आणि वर हात ठेवायला एक गोलसर पट्टी. "पानं लाकडाला शोभतात, बाय. लोखंडाला लोखंडासारखं उभं राहू दे."

बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या माळ्यावर ते वर्षानुवर्षं गात आले होते. "ह्या जिन्याला मी पाय लावनार नाय," म्हणून ते खाली बाकावर बसू लागले. गाणं बंद, दादाशी बोलणंही बंद. त्यात त्यांची जुनी, कोरायची पटाशी कधीपासून सापडत नव्हती, तो राग वेगळाच.

"पड ना पाया," मी दादाला म्हटलं.

"लोखंड निवताना आकसतं, म्हनून नमुना जरा मोठा धरतो. बाबांचा राग पन निवेल. जरा जागा ठेवायची."

ईस्टरच्या सकाळी वरच्या मंडळींनी सुराची पार वाट लावली. बाबांना राहवेना. ते तरातरा जिन्याशी गेले, पट्टीला हात लावला आणि थबकले. डोळे मिटून त्यांनी तो हात मागेपुढे फिरवला. दादाची खोड कुणाची, ते मला तेव्हा कळलं.

"हा अंगठ्याचा खळगा..." ते म्हणाले. "ही माझ्या पटाशीची मूठ हाय."

पट्टीचा नमुना जिच्या मुठीवरून घडवला, ती हरवलेली पटाशी दादाने खिशातून काढून पुढे केली. बाबांनी ती घेतली आणि कठड्यावरचा हात न उचलता वर गेले. त्या दिवशी ते असे गायले की माझे डोळे वाहू लागले.

आता दोघंही नाहीत. त्याच नमुन्याचा कठडा कल्याणच्या दवाखान्यातही बसला आहे. परवा एक आजारी म्हातारी तो घट्ट धरून माझ्यापुढे चढत होती. हे काम माझ्या बाबांचं आणि दादाचं आहे, हे तिला सांगावंसं वाटलं. वर पोचेपर्यंत मी सगळं सांगून टाकलं.