बुडालेल्या बार्जवरचा नांगर

पोस्टिंग कारवारच्या खाली, किनाऱ्यावर होती. वीस जवान, एक सुभेदार, एक छोटी फायबरची बोट. मी माणदेशातला, आठवीत शाळा सोडलेला. समुद्र पहिल्यांदा तिथंच पाहिला. आता बेंगळुरूत, मारतहळ्ळीच्या एका सोसायटीत गेटवर असतो. इथल्या मराठी मंडळींनी बुलेटिनसाठी फौजेतलं काही मागितलं, म्हणून लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या. फौजेनं मला माणसात आणलं, एवढं आधी सांगतो.

मार्चात समुद्र शांत असायचा. रविवारी ०६०० वाजता परवानगी घेऊन आम्ही लंगरसाठी, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरासाठी, मासे धरायला जायचो. दोन मैल आत एक जुना मालवाहू बार्ज बुडालेला होता. त्या लोखंडात तांबोशी राहायची. ती जागा फक्त लान्स नायक दामू तांडेलला सापडायची. तो वेंगुर्ल्याचा. टेकडीवरचं देऊळ दीपस्तंभामागे लपलं की म्हणायचा, "टाक नांगर."

मीही लान्स नायक. वर नायकाची रिकामी जागा एकच. सुभेदारसाहेब जेवताना म्हणायचे, "तांडेल म्हणजे हिरा." मी ताट उचलून उठायचो.

दामू दोर नांगराच्या बुडाला बांधायचा आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीनं अडकवायचा. नांगर लोखंडात अडकला की जोर लावायचा. सुतळी तुटते, नांगर उलटा निघून येतो. एका शनिवारी संध्याकाळी मी ती सुतळी काढली आणि तिच्या जागी शॅकल, म्हणजे पेचाचा लोखंडी आकडा, घट्ट पिळला. दामू सरकारी नांगर सुतळीवर सोडतो आणि मी तो नीट बांधतो, हे साहेबांना दाखवायचं होतं. दामूनं सकाळी तपासलं नाही. माझ्यावर विश्वास होता.

०९४० ला वारा फिरला. नांगर निघेना.

"सुतळी तुटत कशी नाही रे?" दामू म्हणाला.

पुढच्या लाटेला बोटीचं नाक पाण्याखाली गेलं. मी वायरलेस सेट उचलला. "बेस, बोट. नांगर अडकलाय. पाणी आत येतंय. ओव्हर."

"रस्सा काटो! ओव्हर."

दामू नाकावर पालथा पडला आणि सुरीनं दोर कापला. दोराच्या फटक्यानं त्याचा तळहात फाटला. बोट उसळली, मी पाण्यात. त्याच हातानं त्यानं माझी कॉलर धरली.

परतताना मी म्हणालो, "शॅकल मी लावला."

"पवार, पोहता येतं?"

"नाही."

"मग माझ्या बोटीत शहाणपणा करू नको."

११०० वाजता रिपोर्ट. साहेबांनी विचारलं, "नांगर कोणी बांधला होता?"

"मीच, साहेब," दामू म्हणाला.

मी सॅल्यूट ठोकून बाहेर पडलो.

मे महिन्यात नायकाची फीत मला मिळाली. पहिला दामूच आला. "नायकसाहेब, चहा पाजा." त्याला हसता येत होतं, याचाही मला राग आला.

पुढच्या हिवाळ्यात युनिट वर, बर्फातल्या सीमेवर गेलं. दामू गस्तीच्या पुढच्या पार्टीत होता. बर्फ कोसळला. तिसऱ्या दिवशी तो सापडला. युनिटच्या स्मारकाच्या दगडावर त्याच्या नावाआधी लान्स नायक कोरलंय. मी हवालदार होऊन पेन्शनवर आलो.

गेल्या वर्षी त्याच्या आईला फोन करून सगळं सांगितलं.

"ठाऊक आसा माका," ती म्हणाली. "त्यानं तेव्हाच सांगल्यान. तो म्हणालो, पवार वाईट नाय, तो भियालो फक्त."

असं माझ्याबद्दल मला कधी म्हणता आलं नाही. लान्स नायक दामोदर तांडेलचा हेवा मला आजही वाटतो.